मदत हवी आहे: डिसेंबरअखेर गोवा–दिल्ली, चौघांची स्वस्त तिकिटं

नमस्कार मंडळी. नाताळच्या सुट्टीत मडगावहून दिल्लीला जायचंय. दोघं मोठी, दोन मुलं (9 आणि 13 वर्षं). जाणं 26 डिसेंबर, येणं 31. गोव्यातल्या दोन विमानतळांपैकी दाबोळी बरं की मोपा? आणि सुरुवातीला दिसणारा भाव पैसे भरेपर्यंत एवढा वाढतो कसा?

म्हापसेकर:
जाण्याची तारीख राहू द्या, येण्याची बदला. 31 पर्यंत अख्खा देश गोव्यात उतरत असतो आणि 1 जानेवारीपासून चार-पाच दिवस परतत असतो. 31 ला दिल्लीहून येणं म्हणजे ऐन गर्दीच्या भावात येणं. शाळा आड येत नसेल तर 2 किंवा 3 जानेवारीला या. तेव्हा पर्यटकांना न्यायला येणारी विमानं इकडे येताना बरीच मोकळी असतात. एरवीही तेच: शुक्रवारी संध्याकाळी मुंबई-बेंगळुरूहून गोव्याला येणारं महाग, रविवारी संध्याकाळी इथून सुटणारं महाग. गोवेकराचा फायदा उलट्या दिशेने जाण्यात आहे.
गूगल फ्लाइट्सवर तारखांचा तक्ता उघडा, आसपासच्या दिवसांचे भाव एकत्र दिसतात. भावाची सूचनाही तिथेच लावता येते. तिकीट मात्र विमान कंपनीच्याच साइटवर काढा. पुढे तारीख बदलायची झाली तर मधला एजंट नको.

सासष्टीकर:
मडगावहून दाबोळी साधारण 25 किलोमीटर, मोपा त्याच्या दुपटीहून जास्त. दोन्ही विमानतळ वेगवेगळे शोधा, दाबोळीचा कोड जीओआय, मोपाचा जीओएक्स. नुसतं ‘गोवा’ टाकलं की काही साइट एकच दाखवतात. मोपाचं तिकीट माणशी तीनशेने स्वस्त मिळालं, तर चौघांचे बाराशे वाचले. ते टॅक्सीच्या जादा भाड्यात जातात की नाही ते आधी बघा. कदंबच्या (गोव्याच्या सरकारी एसटीच्या) बसगाड्या मोपाला जातात, पण रात्रीच्या विमानाला त्यांच्या भरवशावर राहू नका. जाताना दाबोळी आणि येताना मोपा असं तिकीट घेऊन गाडी दाबोळीला लावून जाणं, ही नेहमीची फजिती. तारखेइतकंच विमानतळाचं नावही वाचा.

पणजीचा प्रवासी:
आता भाव वाढण्याचं. एका विमानातल्या जागा वेगवेगळ्या दरांच्या गटांत विकल्या जातात. स्वस्त गटात दोनच जागा उरल्या असतील आणि तुम्ही चौघांसाठी शोधलंत, तर चौघांनाही वरच्या गटाचा दर लागतो. आधी एकासाठी, मग दोघांसाठी, मग चौघांसाठी शोधून माणशी दर ताडून बघा. फरक दिसला तर दोन-दोनची दोन तिकिटं काढा. 9 वर्षांच्या मुलासोबत मोठं माणूस एकाच पीएनआरवर (बुकिंग क्रमांकावर) हवं. 12 पूर्ण झालेल्याला मोठ्यात धरतात.
बाकी वाढ तुमच्याच क्लिकमधून येते: आसन, जेवण, विमा. आसनाचं पान वगळा, चेक-इनच्या वेळी उरलेली जागा फुकट मिळते. चौघं शेजारी बसतील याची खात्री मात्र नाही. ऑनलाइन बुकिंगचं सुविधा शुल्क माणशी असतं, ते शेवटच्या पानावरच कळतं.
सामान सहसा केबिनमध्ये 7 किलो, खाली (चेक-इनला देतो ते) 15. एअर इंडिया एक्स्प्रेसच्या ‘लाइट’ भाड्यात खालची बॅग धरलेलीच नसते, म्हणून ते सगळ्यांत स्वस्त दिसतं. दिल्लीच्या थंडीचे कपडे 7 किलोत बसवणं अवघड आहे. जादा वजन घरूनच ऑनलाइन घ्या, काउंटरवर दर किलोमागे जबर पैसे लागतात.

धागाकर्ता:
आभार! 2 तारखेचं बघतो. रद्द करावं लागलं तर काहीच परत मिळत नाही का?

पणजीचा प्रवासी:
मिळतं. रद्द करण्याचं शुल्क मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त लावता येत नाही, हा डीजीसीएचा (नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाचा) नियम आहे. कर आणि विमानतळाचं वापर शुल्क परत द्यावंच लागतं, विमान चुकलं तरी. आपोआप आलं नाही तर मागा. सुविधा शुल्काची आशा मात्र सोडून द्या.
नावाचं स्पेलिंग आधारकार्डाशी जुळवून घ्या. चूक दिसली तर तिकीट काढल्यापासून 24 तासांच्या आत कळवा. थेट कंपनीकडून काढलेल्या तिकिटावर तेवढी दुरुस्ती फुकट होते.