मदत हवी आहे: डॅशहुंड कानाला हात लावू देत नाही, हाक मारली की पळतो

कैरी_पन्हं

नमस्कार मंडळी. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आमच्याकडे अडीच वर्षांचा डॅशहुंड आहे. नाव दोडका. (लांबी बघून लेकीने ठेवलं. कागदावर एक भारदस्त नाव आहे, ते आता कुणालाच आठवत नाही.) वजन 11 किलो. राहायला चिपळूणला, म्हणजे जून ते सप्टेंबर घरात कपडे वाळत नाहीत, तिथे कुत्रा काय वाळणार!

पहिली अडचण कानाची. गेल्या पावसाळ्यात डावा कान खाजवायला लागला. आत तपकिरी चिकट मळ, आणि इडलीचं पीठ फार आंबलं की येतो तसा वास. डॉक्टरांनी थेंब दिले, दिवसातून दोनदा, 14 दिवस. पाचव्या दिवशी वास गेला, खाजवणं थांबलं, आणि खरं सांगायचं तर थेंब आमच्याकडूनच सुटले. कारण प्रत्येक वेळी कुस्ती. मी पाय धरायचे, नवऱ्याने तोंड, लेकीने थेंब घालायचे. दिवाळीपर्यंत बरं होतं, मग पुन्हा तेच. यंदा जूनपासून तिसरी खेप, आणि आता दोन्ही कान. मधे सासूबाईंनी खोबरेलात लसूण कडकडवून ते तेल कोमट करून घातलं. घरातल्या सगळ्यांच्या कानात घातलंय, कुणाचं काही बिघडलं नाही, असं त्यांचं म्हणणं. दोन दिवस गप्प होता, मग दुपटीने डोकं झटकायला लागला.

दुसरी अडचण हट्टीपणाची. पिल्लू होता तेव्हा 'ये' म्हटलं की धडपडत यायचा. आता 'ये' म्हटलं की पलंगाखाली. पट्टा घालताना गुरगुरतो. गेल्या आठवड्यात लेकीने लाडाने मान खाजवायला हात नेला तर हवेत दात वाजवले. चावला नाही, पण ती रडली आणि घरात दोन पक्ष पडले. नवरा म्हणतो लाडावलाय, एकदा चांगला दम द्यायला हवा.

गंमत म्हणजे बिस्किटांच्या डब्याचं झाकण वाजलं तर मागच्या परसातून वाऱ्यासारखा येतो. म्हणजे ऐकू येतंय!

तर कान साफ करायची रीत कुणी नीट सांगेल का? आणि हा हट्ट मोडायचा कसा? महिनाभर एखाद्या ट्रेनरकडे ठेवून द्यावं का?

सह्यवेडा

दोडका! नाव वाचूनच लॉगिन केलं. उत्तर माहीत नाही, पण आमच्या बहिणीचा डॅशहुंड अगदी असाच आहे, त्यामुळे वाचतोय.

तिरसट_काकू

स्पष्ट बोलते, राग मानू नका. घरात मालक कोण हे त्याला कळलेलं नाही. आमच्याकडे तीस वर्षं कुत्री होती. पेपरची गुंडाळी एकदा जमिनीवर आपटली की काम होतं. गुरगुरला की तिथल्या तिथे दामटायचं. हल्ली सगळ्यांना ट्रेनर लागतात.

गोठ्यातला_डॉक्टर

मी निवृत्त पशुधन विकास अधिकारी. जन्म गाई-म्हशींत गेला, पण कान कुत्र्यांचेही पुष्कळ पाहिले.

कैरीताई, तुमच्या दोन अडचणी नाहीत, एकच आहे. पुन्हा वाचून बघा: पट्टा घालताना गुरगुरतो, मानेकडे हात गेला की दात वाजवतो. पट्टा, मान, हात, सगळं कानाशेजारचं. आणि 'ये' म्हणून बोलावलं की पुढे काय व्हायचं? तिघांनी धरून कानात थेंब. त्याने शब्दाचा अर्थ बरोबर शिकलाय. काकूंना मान देऊन सांगतो, गुरगुरणं ही त्याची सूचना असते. ती मारून बंद केलीत तर उद्या सूचना न देता चावेल, आणि समोर लहान मुलगी आहे.

आता कान. आपली कानाची नळी साधारण आडवी जाते. कुत्र्याची आधी खाली उतरते आणि मग काटकोनात आत वळते, इंग्रजी एल अक्षरासारखी. वरून लोंबती पाळ म्हणजे झाकण. आत ऊब, ओल, अंधार. तिथे यीस्ट (एक प्रकारची बुरशी) वाढते. ती निरोगी कानातही थोडी असतेच, ओल मिळाली की माजते. तुम्ही सांगितलेला आंबूस वास आणि तपकिरी मळ बहुतेक तिचाच. पण नुसतं बघून औषध ठरवू नये. कानातल्या किड्यांमुळे कॉफीच्या चोथ्यासारखा कोरडा काळा मळ येतो, जिवाणूंचा पू पिवळट असतो, आणि कित्येकदा हे सगळं एकत्र असतं. कापसाच्या काडीवर मळ घेऊन काचेवर पसरायचा, रंग द्यायचा, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. दहा मिनिटांचं काम आहे. तेवढं मागून घ्या.

त्याआधी कानात काहीही घालू नका. पडदा शाबूत आहे का हे दुर्बिणीतून पाहावं लागतं, कारण पडदा फाटलेला असेल तर काही थेंबांनी बहिरेपण येऊ शकतं. तेल तर नाहीच. लसणाने कातडी आणखी चिडते, तेलाने मळ आत धरून राहतो. स्पिरिट नको, हायड्रोजन पेरॉक्साइड नको, घरात उरलेले माणसांचे थेंब नकोत.

थेंब पाचव्या दिवशी सुटले ही सगळ्यांची गोष्ट आहे. वास गेला म्हणजे रोग गेला असं नाही. कोर्स संपवून पुन्हा काच तपासतात, ती स्वच्छ आली की मग थांबायचं.

आणि डोकं झटकणं हलक्यात घेऊ नका. फार झटकलं की पाळीतली रक्तवाहिनी फुटते आणि पाळ उशीसारखी फुगते. मग छोटी शस्त्रक्रिया.

एक विचारतो: पंजे चाटतो का? खायला काय देता?

कैरी_पन्हं

डॉक्टरकाका, वाचून पोटात कालवलं. 'ये'चं कधी लक्षातच आलं नव्हतं.

हो, पंजे चाटतो. आम्हाला वाटायचं चिखल साफ करतोय. खायला चिकन-भात, सकाळी दूध-पोळी. मासा कधीच दिला नाही, काट्यांच्या भीतीने.

गोठ्यातला_डॉक्टर

वाटलंच. पंजे आणि कान एकत्र आले आणि पुन्हा पुन्हा येत राहिले की मुळाशी ॲलर्जी असण्याची शक्यता मोठी. चिकन, दूध, गहू यांतल्या कशाचीही असू शकते, किंवा खाण्याची नसून धूळ-बुरशीचीही असू शकते. जिथे लहान प्राण्यांचा स्वतंत्र विभाग आहे तिथे एकदा दाखवा. तुम्हाला कुंभार्ली घाट चढून कराड-साताऱ्यावरून शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जमण्यासारखं आहे. मुंबईला जाणं होत असेल तर परळचं बैलघोडा (जनावरांचं रुग्णालय) आहेच.

म्युनिककर

थोडं अवांतर. इथे याला डाकेल म्हणतात, शिकारी लोक टेकेल म्हणतात. डाक्स म्हणजे बिज्जू (बिळात राहणारा एक प्राणी), हुंड म्हणजे कुत्रा. बिळात एकट्याने शिरून बिज्जूशी भिडायचं, वरून मालकाचा हुकूम ऐकू येणार नाही, निर्णय स्वतःच घ्यायचा, यासाठी पिढ्यान् पिढ्या निवडून काढलेली जात आहे. त्यामुळे कान बरा झाला तरी तो लॅब्रेडॉरसारखा तुमच्या तोंडाकडे बघत बसेल अशी आशा ठेवू नका. 1972 च्या इथल्या ऑलिंपिकचा शुभंकर डॅशहुंडच होता, वाल्डी नावाचा, रंगीत पट्ट्यांचा.

आणि 11 किलो? फासळ्या बोटांना लागतात का बघा. या जातीला पाठीचा त्रास फार, मणक्यांमधली गादी सरकते आणि मागचे पाय जातात. सोफ्यावरून उड्या बंद करा, उतरायला फळी लावा. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा मागच्या भागाखाली, पाठ आडवी ठेवून.

बीगलची_आई

ट्रेनरकडे महिनाभर ठेवू नका. तो तिथे शिकेल ते तिथल्या माणसाशी शिकेल, घरी आला की पुन्हा पलंगाखाली. शिवाय दुखऱ्या कानाने.

'ये' हा शब्द जाळून टाका. नवा शब्द घ्या जो घरात कुणी वापरत नाही. तुमच्याकडे तर आयता आवाज आहे, डब्याचं झाकण! शब्द, लगेच झाकण, लगेच खाऊ. दिवसातून आठ-दहा वेळा, घरातल्या घरात. आणि लेक, नवरा, सासूबाई, सगळ्यांचा शब्द एकच. आमच्याकडे मी 'इकडे', नवरा 'कम', आजोबा 'चल रे' म्हणायचे, आणि दोष बीगलला. या शब्दाने बोलावून कधीही औषध घालायचं नाही, अंघोळ नाही, पट्टा लावून खेळ बंद करणं नाही. औषधाच्या वेळी बोलवायचं नाही, आपण उठून त्याच्यापाशी जायचं. परसात दहा मीटरची लांब दोरी हार्नेसला (छातीभोवतीच्या पट्ट्याला) लावा, गळ्यातल्या पट्ट्याला नको.

कानासाठी: पहिले काही दिवस बाटली नुसती दाखवायची, खाऊ. मग पाळीला बोट, खाऊ. मग पाळ उचलायची. मग रिकामी बाटली टेकवायची. एका वेळी दोन मिनिटं, फार तर. उठून गेला तर जाऊ द्यायचं. हेच महत्त्वाचं आहे. जाता येतं हे कळलं की तो बसतो. आम्ही स्टीलच्या ताटलीला दही फासून भिंतीशी ठेवायचो, ती चाटण्यात तो गुंग.

औषध आत्ताच सुरू असेल तर एवढा वेळ नसतो हे मान्य. तेव्हा डॉक्टरांना विचारा, काही औषधं दवाखान्यातच एकदा भरतात आणि ती आत बरेच दिवस काम करतात. तेवढ्या दिवसांत हा सराव होतो.

साफ करताना: बाटली आधी काखेत धरून कोमट करा, गार थेंबाने कुत्रीही दचकतात. डॉक्टरांनी दिलेलं द्रावण नळी भरेपर्यंत घाला, कानाच्या मुळाशी अर्धा मिनिट चोळा, चपक-चपक आवाज आला पाहिजे. मग सोडा, त्याला झटकू द्या (जुना गाऊन घाला, भिंतीपासून लांब उभ्या राहा). मग बोटाला कापूस गुंडाळून बोट जाईल तेवढंच पुसा. काडी आत घालायची नाही, मळ आणखी खाली ढकलला जातो.

गोठ्यातला_डॉक्टर

बीगलताईंचं सगळं पटलं, फक्त दही थांबवा. खाण्याची परीक्षा, म्हणजे आजवर न खाल्लेले पदार्थ देऊन ॲलर्जी खाण्याची आहे का ते बघणं, सुरू झाली की आठ आठवडे त्या ठरलेल्या पदार्थांशिवाय काहीच नाही. डब्यातलं बिस्किटही नाही. लेकीच्या हातून एक तुकडा गेला तरी मोजणी पहिल्यापासून.

तिरसट_काकू

दही नाही, बिस्किट नाही. बिचारा. (हाक बदलायचं मात्र पटलं. आमचा मोती अंघोळीचं नाव काढलं की माळ्यावर जायचा.)

कैरी_पन्हं

सहा आठवड्यांनी कळवतेय, उशिराबद्दल माफी.

शिरवळला जाऊन आलो. काचेवर यीस्टच निघाली, दोन्ही कानांत. डाव्या कानात जिवाणूही. पडदे शाबूत. गुंगी देऊन कान आतून धुतले आणि औषध तिथेच भरलं. खाण्याची परीक्षा सुरू आहे: मासा आणि रताळं. काटे काढायचं काम सासूबाईंनी आपणहून घेतलंय, चष्मा लावून, तांदूळ निवडावेत तसे. खाऊ म्हणजे उकडलेल्या माशाचे वाटाण्याएवढे तुकडे. तेच बिस्किटांच्या डब्यात ठेवतो, झाकणाचा आवाज तोच. घरभर वास आहे, पण काय करणार.

नवा शब्द लेकीने निवडला: 'भोपळा'. संध्याकाळी परसात मी 'भोपळा, भोपळा' ओरडत असते. शेजारच्यांनी दोनदा विचारलं विकायला आहे का. दहापैकी आठ वेळा येतो. उरलेल्या दोन वेळा घुशीचं बीळ जिंकतं.

पाळ आता उचलू देतो. बाटली टेकवू देतो. काल पहिल्यांदा द्रावण घातलं, कुणीही न धरता. अर्ध्यात उठून गेला, मी गप्प बसले, मिनिटभराने स्वतःच परत येऊन बसला. नवरा दारात उभा राहून बघत होता, काही बोलला नाही. आज सकाळी तोच मासा उकडत होता. पट्टा मात्र अजून नको असतो, हार्नेसवर भागवतोय.

वजन 10 किलो 200 ग्रॅम. दूध-पोळी बंद झाल्याचा परिणाम असावा. पंजे चाटणं कमी झालंय, बंद नाही.

सोमवारी पुन्हा काच तपासायला जायचंय. मागच्या वेळी घाटात तीनदा ओकला, सगळी सीट धुवावी लागली. त्यावर काही उपाय?

सह्यवेडा

याचं उत्तर मला येतं! निघायच्या आधी सहा-सात तास खायला देऊ नका, पाणी चालेल. पोफळीला थांबून पाय मोकळे करा, मग घाट. खिडकी थोडी उघडी. आणि जुनी चादर दोन पदरी.