पर्णरंध्रं किती येणार हे फक्त जातीवर नाही

वर दादांनी लिहिलंय की द्राक्षाच्या पानावर रंध्रं (हवा आत-बाहेर करणारी बारीक छिद्रं) किती येणार हे जातीवरच ठरतं, हवामानाचा काही संबंध नाही. जातीचा वाटा आहेच, पण ही अर्धीच गोष्ट झाली. पान कोवळं असतानाच पेशींच्या आत कायनेज एन्झाइमची साखळी चालते, योडा नावाचं कायनेज पुढच्याला फॉस्फेट चिकटवतं, ते त्याच्या पुढच्याला, आणि शेवटी एमपीके३ आणि एमपीके६ हे स्पीचलेस नावाच्या प्रोटीनला फॉस्फेट लावून निकामी करतात. रंध्राची सुरुवातच स्पीचलेस करतं, ते गेलं की साधी त्वचेची पेशी होते. अराबिडॉप्सिसमध्ये, म्हणजे मोहरीच्या कुळातल्या झाडात, २००४ साली दाखवलं की योडा बिघडलं तर रंध्रं एकमेकांना खेटून येतात आणि ते सतत चालू ठेवलं तर रंध्रंच येत नाहीत! उजेड, उष्णता, कार्बन डायऑक्साइड यांचा परिणाम याच यंत्रणेवर होतो.

नाशिककरांना हे कळायलाच हवं कारण द्राक्षाची रंध्रं जवळजवळ सगळी पानाच्या खालच्या बाजूला असतात आणि डाऊनी (केवडा रोग) तिथूनच आत शिरतो. २०२२ मध्ये द्राक्षात रंध्रं वाढवणारं ईपीएफएल९ गटातलं एक जीन क्रिस्परने (जीनमध्ये नेमका बदल करायच्या तंत्राने) बंद केलं तर रंध्रं कमी झाली, मला हे फार आशादायक वाटतं.

दिंडोरी-पिंपळगावकडे कोणाकडे मायक्रोस्कोप असेल तर पानाच्या खालून पारदर्शक नेलपॉलिश लावा, सुकल्यावर टेपने सोलून उन्हातलं आणि सावलीतलं पान मोजून बघा आणि आकडे इथे टाका.