कोर्टकचेरी: आत गेल्यावर काय कळलं?

निकाल कुणाच्या बाजूनं लागला ते इथं नको. फिर्यादी, साक्षीदार, पंच, वादी, प्रतिवादी, कुठल्याही नात्यानं पोलीस ठाण्यात किंवा कोर्टात गेला असाल आणि आधी ठाऊक नसलेलं काही तिथं कळलं असेल, तर ते लिहा. नावं-गावं गाळा. चालू प्रकरणाबद्दल शक्यतो नकोच.

*

अपघाताच्या खटल्यात मी साक्षीदार होतो. समन्स आलं तोवर घटनेला बरीच वर्षं उलटली होती. सरतपास, म्हणजे सरकारी वकिलांचे प्रश्न, सोपा गेला. आरोपीच्या वकिलांच्या उलटतपासात मात्र विजेचा खांब कोणत्या बाजूला, अंतर किती फूट, चष्म्याचा नंबर काय, असं सुरू झालं. "आठवत नाही" हेही उत्तर चालतं, असं बाहेर बाकावर बसलेल्या एका हवालदारानं सांगून ठेवलं होतं, त्यावर निभावलं. शेवटी आरोपीचे वकील म्हणाले, "तुम्ही तिथं नव्हताच. पोलिसांच्या सांगण्यावरून खोटी साक्ष देताय." मी भडकलो. न्यायाधीश मात्र माझं उत्तर म्हणून शांतपणे टायपिस्टला सांगत होते, "मी खोटी साक्ष देत आहे, हे म्हणणे खरे नाही." बचावाची बाजू अशी साक्षीदारापुढे मांडणं वकिलाला भागच असतं, हे नंतर समजलं. त्यात वैयक्तिक काही नसतं. आणि सही करण्याआधी टाइप झालेली साक्ष वाचाच. माझ्या साक्षीत उत्तरेची दक्षिण झाली होती. तिथल्या तिथं दुरुस्त करून मिळाली.

*

यालाच जोडून. माझ्या आईला जबाबासाठी ठाण्यात बोलावलं होतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ प्रमाणे महिलेला किंवा ६० वर्षांवरच्या माणसाला साक्षीदार म्हणून राहत्या घराबाहेर यायला भाग पाडता येत नाही. फोनवर तेवढंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी जमादार घरी येऊन जबाब घेऊन गेले.

*

विमा कंपनीनं दावा फेटाळला म्हणून ग्राहक आयोगात गेले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्यात करता येते, कंपनीचं कार्यालय कुठंही असो. आपण कंपनीला मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. पण दोन वर्षांची मुदत सांभाळा. मी तक्रार स्वतःच लिहिली. पहिला खर्डा निव्वळ संतापाचा होता; भावानं तो बाजूला ठेवायला लावला आणि तारीखवार घटना, पुढे कागदाचा क्रमांक, असा तक्ता करून दिला. सुनावणीत सदस्यांनी पाहिला तो तक्ताच. समोरच्या वकिलांनी तारखा मात्र भरपूर मागितल्या.

*

तारखांबद्दल मी सांगतो. दिवाणी न्यायालयात नोकरी करून निवृत्त झालो. लोक न्यायाधीशांना दोष देतात, पण कित्येक दावे पहिल्या पायरीवरच अडतात, कारण समन्सच लागत नाही, म्हणजे प्रतिवादीच्या हाती पडत नाही. बेलीफ, म्हणजे समन्स नेणारा कोर्टाचा माणूस, जातो, प्रतिवादी 'बाहेरगावी' असतो, शेरा मारून कागद परत. मग दुसरं समन्स, मग दारावर चिकटवण्याचा अर्ज. सुनावणी सुरू झाल्यावर एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तहकुबी, म्हणजे पुढच्या तारखा, देऊ नये, असं दिवाणी प्रक्रिया संहितेत २००२ पासून आहे. रोजनामे, म्हणजे दर तारखेला काय झालं त्याच्या नोंदी, उघडून बघा म्हणजे ते किती पाळलं जातं ते कळेल! दावा लावताना पत्ता मात्र खरा आणि पूर्ण द्या, पिनकोडसकट.

*

आमचा भाऊबंदकीचा दावा लोकअदालतीत मिटला. भरलेलं कोर्ट फी परत मिळालं, हे अनेकांना माहीत नसतं. पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. आमच्या तडजोडीत विहिरीवर जायची वाट लिहायची राहून जात होती; चुलत्यांनी सहीआधी अडवलं म्हणून बरं.

*

प्रश्न आहे. धाकट्या बहिणीला पोटगीचा अर्ज करायचाय, वकिलाची फी परवडत नाही. नवरा म्हणतो, तुझ्या माहेरी शेती आहे, तुला सरकारी वकील मिळणार नाही. खरं आहे का?

*

नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात महिलेला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही, माहेरच्या शेतीचा तर संबंधच नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तिथं साधा अर्ज द्यायचा. आधी फोनवर विचारायचं असेल तर १५१००.