'प्रौढ' म्हणजे नेमकं कोण?

प्रश्न : आमच्या नगरपालिकेचा वस्तीत साक्षरता वर्ग चालतो, तिथे मी संध्याकाळी शिकवते. दारावर पाटी आहे, 'प्रौढ शिक्षण वर्ग'. (वाचता न येणाऱ्यांसाठी पाटी, यावर आम्ही पोटभर हसून घेतलंय.) परवा एक एकोणीस वर्षांची सून सासूला सोडायला आली. तिलाही अक्षरओळख नाही. तूही बस म्हटलं, तर म्हणाली, "पण हा म्हाताऱ्यांचा वर्ग ना?" पाटी कुणीतरी वाचून दाखवली होती म्हणे. कायद्याने ती सज्ञान आहे, मग 'प्रौढ' का नाही?

उत्तर : ताई, सुनेचं मराठी पक्कं आहे. प्र + ऊढ, मूळ धातू 'वह्'. पूर्ण वाढलेला, परिपक्व असा अर्थ. 'ऊढा' म्हणजे लग्न झालेली. तेव्हा ती ऊढा आहे, प्रौढा नाही! साहित्यशास्त्रात नायिकासुद्धा मुग्धा, मध्या, प्रौढा अशा क्रमाने येतात. 'प्रौढ भाषा' किंवा शिवरायांच्या बिरुदातलं 'प्रौढप्रतापपुरंदर' यांत वयाचा संबंध नाही, पूर्णतेचा आहे. पण माणसाला लावला की बोलण्यात हा शब्द चाळिशीकडे सरकतो. 'प्रौढ वर' म्हटल्यावर कानशिलावरचे पांढरे केसच दिसतात.

सरकारी मराठीत तो निव्वळ वयाचा आकडा होतो, आणि तोही ठरलेला नाही. 'प्रौढ मताधिकारा'तला प्रौढ आधी २१ वर्षांचा होता, १९८९ पासून १८ चा झाला. १९७८ च्या राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रमाचा वयोगट तर १५ ते ३५. म्हणजे दहावीच्या वयाचं पोरगं प्रौढ, आणि जिला आपण खरंच प्रौढ म्हणू ती पन्नाशीची बाई गटाबाहेर.

दुसरं मत : 'वयस्क' लिहा की.

उत्तर : नको हो, तो अर्थ हिंदीतला. मराठीत वयस्क म्हणजे आणखी म्हातारा. 'सज्ञान'ला कोर्टाचा वास येतो, आणि त्याची दुसरी बाजू 'अज्ञान', म्हणजे कायद्याने वयात न आलेला. सातबाऱ्यावर 'अ.पा.क.' असतं ना, अज्ञान पालनकर्ता, तेच. शिकायला आलेल्या माणसापुढे ही जोडी मांडू नये.

या शब्दाची अडचण जुनी आहे. मौलाना आझाद शिक्षणमंत्री असताना 'समाजशिक्षण' ही संज्ञा पुढे आली. पुढे १९७८ मध्ये 'प्रौढ' परतला. २०२२ मध्ये नवभारत साक्षरता कार्यक्रम मंजूर झाला, तेव्हा केंद्राने पुन्हा ठरवलं की यापुढे 'सर्वांसाठी शिक्षण' म्हणायचं, कारण १५ वर्षांपुढचे सगळे निरक्षर 'प्रौढ'मध्ये नीट सामावत नाहीत. मला हे नाव पुळचट वाटतं. सर्वांसाठी म्हटलं की ते आपल्यासाठी आहे, असं कुणालाच वाटत नाही.

प्रश्नकर्ती : आम्ही पाटीवरचा 'प्रौढ' खडूने खोडून नुसतं 'शिक्षण वर्ग' ठेवलंय. वस्तीतले लोक मुळात 'रातची शाळा'च म्हणतात, ते मला आत्ता कानावर आलं. सून येते आता. सासूच्या शेजारी मात्र बसत नाही.