मदत हवी आहे: इंग्रजीचे नियम पाठ आहेत, वाक्यं मात्र चुकतात

नमस्कार मंडळी,

गेलं दीड वर्ष मी घरच्या घरी, एकटीच इंग्रजीचा अभ्यास करते आहे. शिक्षण मराठी माध्यमातलं. शाळेत इंग्रजी होतं, पण ते उत्तरं पाठ करण्यापुरतं. आता कामात रोज इंग्रजीतून लिहावं लागतं, अधूनमधून बोलावंही लागतं.

अडचण अशी, की स्वाध्यायांत मला चांगले गुण मिळतात. रिकाम्या जागा भरा, योग्य पर्याय निवडा, काळ ओळखा, यांत दहापैकी आठ-नऊ बरोबर येतात. पण तीच गोष्ट स्वतःच्या वाक्यात आणायची म्हटली की चुकते. मागच्या आठवड्यात मी लिहिलं, ‘आय हॅव रेड धिस रिपोर्ट लास्ट इयर.’ लिहिताना काहीच खटकलं नाही. सॉफ्टवेअरने खाली रेघ मारली, मी त्यावर बोट ठेवलं, वाक्य दुरुस्त झालं. तीन दिवसांनी पुन्हा अगदी तीच चूक.

शब्दांचंही तेच. रोज दहा शब्द आणि समोर मराठी अर्थ अशी वही केली आहे. वही भरत आली. शब्द समोर दिसला की अर्थ आठवतो, पण वापरायला गेले की फजिती होते. ‘रिलक्टंट’ म्हणजे ‘नाखूष’ असं लिहून ठेवलं होतं. ‘मी तुमच्यावर नाखूष नाही’ असं एका सहकाऱ्याला कळवायचं होतं, म्हणून लिहिलं, ‘आय ॲम नॉट रिलक्टंट ऑन यू.’ त्यांना अर्थच लागला नाही. फार वाईट वाटलं.

चूक दाखवणारं जवळ कुणी नाही. शिकवणी लावण्याइतका सलग वेळ मिळत नाही, रोजची चाळीस-पन्नास मिनिटं काढू शकते. तर स्वतःची चूक स्वतःला दिसेल असा सराव कसा करायचा? आणि वरच्या ‘हॅव रेड’मध्ये नेमकं काय चुकलं, तेही कुणी मराठीतून नीट समजावून सांगावं ही विनंती.

प्रतिसाद १

ताई, आधी ‘हॅव रेड’चं बघू, कारण ही चूक आपल्याकडून होते त्याचं मूळ मराठीतच आहे.

‘हा अहवाल मी गेल्या वर्षी वाचला आहे.’ हे मराठी वाक्य शंभर टक्के बरोबर आहे. ‘तो काल आला आहे’ हेही बरोबर. आपल्या ‘वाचला आहे’, ‘आला आहे’ या रूपांना ‘काल’, ‘गेल्या वर्षी’ चालतात. इंग्रजीतल्या ‘हॅव रेड’ला ते चालत नाहीत. सरून गेलेली, शिक्का बसलेली वेळ वाक्यात आली की इंग्रजी साधा भूतकाळच मागते: ‘आय रेड इट लास्ट इयर.’ वेळ सांगायची नसेल, वाचून झालेलं आहे एवढंच महत्त्वाचं असेल, तर ‘आय हॅव रेड इट.’ शाळेत आपल्याला ‘हॅव’ म्हणजे ‘आहे’ असं शिकवतात आणि तिथेच घोटाळा होतो.

इंग्रजी बोलणारे बातमी ‘हॅव’ने देतात आणि तपशील साध्या भूतकाळात सांगतात, हे लक्षात ठेवलंत तर बरंच सोपं जाईल. ‘आय हॅव लॉस्ट माय कीज’ ही बातमी. पुढचं वाक्य मात्र ‘आय लॉस्ट देम ऑन द ट्रेन धिस मॉर्निंग.’ (अमेरिकन बोलण्यात ‘आय ऑलरेडी एट’ असा साधा भूतकाळही सर्रास ऐकू येतो. तो ऐकून गोंधळू नका.)

याचीच दुसरी बाजू म्हणजे ‘पासून’. ‘मी दोन वर्षांपासून इथे काम करते आहे’ यातलं ‘करते आहे’ बघून आपण लिहितो, ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स टू इयर्स.’ यात दोन चुका आहेत. काम मागे सुरू होऊन आजवर चाललं असेल, तर ‘हॅव बीन वर्किंग’. आणि आपल्या एका ‘पासून’चे इंग्रजीत दोन शब्द होतात. सुरुवातीचा क्षण सांगायचा तर ‘सिन्स’, किती काळ ते सांगायचं तर ‘फॉर’. सिन्स २०१९, पण फॉर टू इयर्स.

प्रतिसाद २

माझं मत थोडं वेगळं आहे. व्याकरणाच्या मागे लागू नका, भरपूर वाचा. वाचता वाचता आपोआप येतं. मी तरी असंच शिकलो.

धागाकर्ती

प्रतिसाद १, मनापासून आभार. ‘आला आहे’ला ‘काल’ चालतं पण ‘हॅज कम’ला चालत नाही, हे इतक्या वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटायचं माझीच स्मरणशक्ती कमी पडते.

प्रतिसाद २, मी वाचते. रोज थोडं तरी वाचतेच. अर्थ कळतो, पण वाचून झाल्यावर त्यात ‘हॅज’ होतं की ‘हॅड’ होतं, हे विचारलं तर सांगता येत नाही.

प्रतिसाद ३

ताई म्हणतात ते अगदी खरं आहे. ‘लास्ट इयर’ दिसलं की गोष्ट मागची आहे हे कळून जातं, मग क्रियापदाच्या रूपाकडे बघायची डोळ्यांना गरजच उरत नाही. वाचन हवंच, त्याने शब्द पक्के होतात. पण मोठ्या वयात शिकणाऱ्याची बारीकसारीक रूपं नुसत्या वाचनाने सुटत नाहीत. आणि रिकाम्या जागांच्या स्वाध्यायात निम्मं वाक्य छापणाऱ्याने लिहून दिलेलं असतं. तिथे तुम्ही ओळखता, तयार करत नाही.

तुमचा खरा प्रश्न चूक दाखवणारं कुणी नसण्याचा आहे. त्यावर एक जुनी रीत आहे. सोळाव्या शतकात रॉजर ॲस्कम हे इंग्लंडच्या एलिझाबेथचे, ती राणी होण्याआधीचे, शिक्षक होते. लॅटिन शिकवण्यासाठी त्यांनी दुहेरी भाषांतराचा पुरस्कार केला, त्यांचं त्यावरचं लेखन १५७० साली छापून आलं. लॅटिन उताऱ्याचं इंग्रजी करायचं, मूळ बाजूला ठेवायचं आणि काही वेळाने आपल्याच इंग्रजीवरून पुन्हा लॅटिन करून मुळाशी ताडून बघायचं. मी हे इंग्रजी-मराठीत करते. पाच-सहा ओळींचा साधा उतारा घ्या. त्याचं बोलतो तसं मराठी करा. मूळ मिटून ठेवा, तीन दिवस बघू नका. मग तुमच्या मराठीवरून इंग्रजी लिहा आणि मूळ शेजारी ठेवा. जिथे फरक पडेल तिथे लाल खूण करा. प्रत्येक फरक म्हणजे चूक नसते, दोन्ही बरोबर असू शकतं. पण शंका नेमकी कुठे आहे ते तरी कळतं आणि मग तेवढाच नियम उघडून बघायचा. शिक्षक नसताना याहून चांगला आरसा मला मिळालेला नाही.

सॉफ्टवेअर वापरा, पण लगेच बोट ठेवू नका. रेघ आली की आधी स्वतः दुरुस्त करून बघा, मगच उत्तर उघडा.

प्रतिसाद ४

शब्दांबद्दल मी लिहितो, हा माझ्या फार जिव्हाळ्याचा विषय आहे.

‘रिलक्टंट’ला ‘नाखूष’ हा अर्थ शब्दकोशात मिळतो, पण शब्द कुणाबरोबर राहतो ते तिथे एका शब्दात मावत नाही. माणूस एखाद्या माणसावर रिलक्टंट नसतो, एखादी गोष्ट करायला रिलक्टंट असतो: ‘ही वॉज रिलक्टंट टु साइन.’ म्हणजे करायला मन घेत नव्हतं. तुम्हाला हवं होतं ते ‘आय ॲम नॉट अपसेट विथ यू.’ यापुढे वहीत सुटा शब्द लिहूच नका, त्याचा सोबतीही लिहा.

आपल्या ‘करणे’चंच बघा. चूक करणे म्हणजे मेक अ मिस्टेक, व्यायाम करणे म्हणजे डू एक्सरसाइज, गुन्हा करणे म्हणजे कमिट अ क्राइम, अंघोळ करणे म्हणजे टेक किंवा हॅव अ बाथ. मराठीत एक क्रियापद, इंग्रजीत चार-पाच. याला तर्क लावत बसू नये, जोडी तशीच्या तशी उचलावी. ‘ला’ प्रत्ययाचंही असंच. ‘मला सांग’ म्हणजे ‘टेल मी’, पण ‘मला समजावून सांग’ला ‘एक्स्प्लेन मी’ चालत नाही, ‘एक्स्प्लेन इट टु मी’ म्हणावं लागतं. ‘त्याबद्दल चर्चा केली’ म्हणून आपण ‘डिस्कस्ड अबाउट इट’ लिहितो. ‘डिस्कस’ला ‘अबाउट’ लागतच नाही.

रोज दहा शब्द जास्त होतात. तीन घ्या, पण विसरायच्या आत पुन्हा गाठा. हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग करून विसरण्याचा वेग मोजला होता, १८८५ साली तो प्रसिद्ध केला. नव्याने पाठ केलेलं बरंचसं पहिल्या काही तासांत आणि दिवसांतच निसटतं, पुढे हा वेग मंदावतो. यावर सेबास्टियन लाइटनर यांची कप्प्यांची पद्धत आहे, १९७२ची. शब्दांच्या चिठ्ठ्या करून कप्पे केलेल्या खोक्यात ठेवायच्या. चिठ्ठीचं उत्तर बरोबर आलं की ती पुढच्या कप्प्यात जाते आणि जास्त दिवसांनी समोर येते. चुकली की परत पहिल्या कप्प्यात. मोबाइलवरची बरीच शब्दांची ॲप याच तत्त्वावर चालतात, पण मला खोकं आणि कागदाच्या चिठ्ठ्याच आवडतात.

चिठ्ठीच्या पुढच्या बाजूला इंग्रजी शब्द लिहू नका, तिथे मराठी वाक्य लिहा: ‘सही करायला तो तयार नव्हता.’ ते बघून पूर्ण इंग्रजी वाक्य मोठ्याने म्हणायचं आणि मग मागे बघायचं.

आणि शब्द निवडून घ्या. मायकेल वेस्ट यांनी १९५३ साली शिकणाऱ्यांसाठी सुमारे २००० नेहमीच्या शब्दांची यादी केली होती, २०१३ साली त्याच धर्तीची सुमारे २८०० शब्दांची नवी यादी आली. अवघड शब्दांच्या नादात आपण ‘गेट’, ‘टेक’, ‘पुट’ हे शब्द येतात असं धरून चालतो, आणि रोजच्या बोलण्यात अडतो ते यांच्याच पाशी.

प्रतिसाद ५

माझाही एक प्रश्न जोडतो. ‘अ’ आणि ‘द’ कुठे लावायचं, याचं काही सोपं सूत्र आहे का?

प्रतिसाद १

पूर्ण सूत्र नाही. मराठीत उपपदं नाहीत, त्यामुळे हे सगळ्यांत शेवटी जमतं. पण मराठीत थोडा आधार सापडतो. ‘दारात एक मांजर आलं. मांजर भुकेलेलं होतं.’ पहिल्या वाक्यात ‘एक’ आहे तिथे ‘अ कॅट’. दुसऱ्यात कोणतं मांजर ते ऐकणाऱ्याला कळलेलं आहे, तिथे ‘द कॅट’. हा आधार तुटतो तो ‘ती डॉक्टर आहे’सारख्या वाक्यात. मराठीत ‘एक’ नाही, इंग्रजीत मात्र ‘शी इज अ डॉक्टर’. मोजता येणारं एकवचनी सामान्यनाम इंग्रजीत सहसा एकटं उभं राहत नाही, एवढं आधी पक्कं करा. आणि ‘ॲडव्हाइस’, ‘इन्फर्मेशन’, ‘फर्निचर’ हे मोजता न येणाऱ्यांत धरतात. आपण ‘तीन सल्ले’ म्हणतो, इंग्रजीत ‘थ्री ॲडव्हाइसेस’ होत नाही.

धागाकर्ती

बारा दिवसांनी परत येते आहे. दुहेरी भाषांतर चार वेळा केलं. पहिल्याच उताऱ्याच्या तीन ओळी इथे देते.

माझं मराठी: ‘माझे शेजारी १९९८ पासून इथे राहतात. पूर्वी ते संगीत शिकवायचे. त्यांनी का थांबवलं ते मला माहीत नाही.’

त्यावरून मी केलेलं इंग्रजी: ‘माय नेबर इज लिव्हिंग हिअर सिन्स १९९८. ही वॉज टीचिंग म्युझिक बिफोर. आय डोन्ट नो व्हाय डिड ही स्टॉप.’

मूळ: ‘माय नेबर हॅज लिव्ह्ड हिअर सिन्स १९९८. ही यूज्ड टु टीच म्युझिक. आय डोन्ट नो व्हाय ही स्टॉप्ड.’

तीन ओळींत तीन लाल खुणा! पहिली चूक मूळ बघताक्षणी कळली, प्रतिसाद १मध्ये वाचलेलीच होती. दुसरी बघून आनंद झाला. ‘शिकवायचे’ या रूपासाठी इंग्रजीत ‘यूज्ड टु टीच’ आहे! हा शब्दप्रयोग माझ्या वहीत होता, पण समोर ‘ची सवय असणे’ एवढंच लिहिलं होतं. आता आजी सांगायची, आम्ही खेळायचो, पाऊस पडायचा, अशी दहा वाक्यं लिहून काढली. तिसरीचं कारण मात्र कळत नाही. ‘व्हाय’ आलं म्हणजे प्रश्न झाला, मग ‘डिड’ का गेलं?

प्रतिसाद ३

कारण प्रश्न तुम्ही विचारत नाही आहात, तो ‘मला माहीत नाही’च्या पोटात आहे. सरळ विचारताना ‘व्हाय डिड ही स्टॉप?’ बरोबरच आहे. पण ‘आय डोन्ट नो’, ‘टेल मी’, ‘कॅन यू टेल मी’ असं काही पुढे लागलं की आतल्या भागाची रचना साध्या विधानासारखी होते, आधी कर्ता, मग क्रियापद. ‘व्हेअर इज ही?’, पण ‘आय डोन्ट नो व्हेअर ही इज.’ मराठीत ‘तो कुठे आहे?’ आणि ‘तो कुठे आहे मला माहीत नाही’ यांत शब्द जागचे हलत नाहीत, म्हणून आपल्याला हा फरक जाणवत नाही.

पुढच्या उताऱ्यात संवाद असतील असं काहीतरी निवडा, म्हणजे अशी वाक्यं भरपूर मिळतील.

धागाकर्ती

कळलं. ‘आय डोन्ट नो व्हेअर ही इज’ची चिठ्ठी आत्ताच केली, पुढच्या बाजूला मराठी वाक्य लिहून. संवादाचा उतारा आज रात्री मराठीत उतरवते, रविवारी उलटा करून इथे टाकेन. कुणाला वेळ असेल तर लाल खुणा तपासून द्याल का?