भाताचं प्रमाणित बियाणं शेजारच्या देशात: टॅग असूनही लॉट का अडतो?

धानबीज
भारतात प्रमाणित झालेलं भाताचं बियाणं नेपाळ आणि बांगलादेशात पाठवायचं आहे. 2014 मध्ये काठमांडूत या दोन देशांचा आणि भारताचा वाणांबाबत समझोता झाला. मग प्रमाणित बियाण्याच्या निळ्या टॅगवर माल का जात नाही? पुन्हा नमुना, पुन्हा तपासणी, पुन्हा परवाना. कोणता कागद कशासाठी असतो आणि लॉट (एकत्र तपासला जाणारा बियाण्याचा साठा) नेमका कुठे अडतो, हे जाणकारांनी सांगावं.

वाणनोंद
त्या समझोत्याचा आवाका लोकांना वाटतो त्याहून लहान आहे. एका देशात प्रसारित झालेल्या वाणाची चाचणी-आकडेवारी सारख्या हवामानाच्या पट्ट्यासाठी दुसऱ्या देशाने ग्राह्य धरावी, इतकंच त्यात आहे. चाचण्यांचे हंगाम वाचतात, हा मोठाच फायदा. पण मान्यता आपोआप मिळत नाही. बांगलादेशात भात हे अधिसूचित, म्हणजे सरकारी मंजुरीच्या यादीतलं पीक आहे, त्यामुळे तिथल्या राष्ट्रीय बियाणे मंडळाची मंजुरी लागतेच. नेपाळमध्येही वाण तिथल्या मंडळाकडे नोंदलेलं हवं.

नावाकडेही लक्ष द्या. पुरात तग धरणारं स्वर्णा-सब1 भारतात 2009 मध्ये आलं आणि 2010 मध्ये बांगलादेशात ‘ब्रि धान 51’ या नावाने प्रसारित झालं. सौदा ठरवण्याआधी त्या देशातलं नोंदणीचं नाव लेखी घ्या आणि सगळ्या कागदांवर तेच लावा.

उगवणशक्ती
घोळाचं एक कारण म्हणजे निळा रंग. आपला प्रमाणित बियाण्याचा टॅग निळा, ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या बियाणे योजनेतलं पहिल्या पिढीच्या प्रमाणित बियाण्याचं लेबल निळं आणि इस्टा या आंतरराष्ट्रीय बियाणे चाचणी संघटनेचं नमुना-प्रमाणपत्रही निळंच. तिन्हींचा अर्थ वेगळा. ओईसीडीचं लेबल वाणाची ओळख आणि शुद्धता सांगतं. भारत या योजनांमध्ये 2008 मध्ये सामील झाला. इस्टाचा निळा कागद फक्त प्रयोगशाळेत आलेल्या पुडीबद्दल बोलतो. संपूर्ण लॉटची हमी हवी असेल तर नारिंगी प्रमाणपत्र लागतं आणि त्यासाठी नमुनाही मान्यताप्राप्त व्यवस्थेतल्याच माणसाने काढलेला हवा. स्वतः पुडी भरून पाठवली तर नारिंगी मिळणार नाही.

भाताचा लॉट जास्तीत जास्त 30 टनांचा. साठ किंवा जास्त पोती असतील तर किमान 30 प्राथमिक नमुने घ्यायचे, ते एकत्र करून 700 ग्रॅम प्रयोगशाळेत जातात. उगवण 400 दाण्यांवर पाहतात. पहिली मोजणी पाचव्या दिवशी, शेवटची चौदाव्या दिवशी. आपलं किमान मानक 80 टक्के आहे, पण 81–82 टक्क्यांचा लॉट पाठवणं धोक्याचं. इतक्या दाण्यांवर निव्वळ योगायोगानेही चार टक्के इकडेतिकडे होतात. तिकडे 78 आले म्हणजे कुणी लबाडी केलीच असं नाही. 90 च्या आसपासचाच लॉट निवडा.

ताज्या कापणीच्या भातात सुप्तावस्था असते, म्हणजे दाणा जिवंत असूनही लगेच उगवत नाही, हे प्रयोगशाळेला कळवा. मग 50 अंशांवर पूर्वतापन करून किंवा दाणे 24 तास भिजवून चाचणी घेतात. नाहीतर जिवंत लॉट कागदावर नापास होतो.

ओलाव्याची चूक तर सर्रास होते. साध्या पोत्यात 13 टक्के चालतो, हवाबंद पिशवीत 8 हवा. 13 टक्क्यांचं बियाणं हवाबंद करणं म्हणजे ते मारणंच. शिवाय प्रमाणपत्राची मुदत तपासणीच्या तारखेपासून नऊ महिने. वाहतूक आणि विक्रीचा हंगाम त्यात बसतो का ते आधी मोजा.

पीकसंरक्षक
वाण आणि लॉट यांचे कागद सोपे व्हावेत, हे मान्य. रोगाच्या कागदात मात्र ढिलाई नको. गव्हाचा ब्लास्ट हा बुरशीजन्य रोग 2016 मध्ये बांगलादेशात पहिल्यांदा दिसला आणि सुमारे 15,000 हेक्टरवर पसरला. ही बुरशी बियाण्यातून प्रवास करते. पुढे पश्चिम बंगालमध्ये सीमेलगतच्या पट्ट्यात गव्हाची लागवडच थांबवावी लागली. सहकार्याचा खरा उपयोगही इथेच झाला: बांगलादेशातल्या जशोरच्या चाचणी-क्षेत्रात अनेक देशांचे गव्हाचे वाण रोगासमोर उभे करून पारखले जातात आणि ‘बारी गोम 33’ हे प्रतिकारक वाण 2017 मध्येच शेतकऱ्यांसाठी प्रसारित झालं.

भातात पांढऱ्या शेंड्याचा सूत्रकृमी तुसाखाली दडून राहतो, वरून दाणा निरोगी दिसतो. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी आयातदाराकडून आयात परवाना मागवा. फायटोसॅनिटरी प्रमाणपत्रावर (माल रोग-किडींपासून मुक्त असल्याच्या सरकारी दाखल्यावर) कोणती अतिरिक्त घोषणा हवी ते त्यात लिहिलेलं असतं. ‘पीक उभं असताना तपासणी झाली’ अशी घोषणा मागितली असेल आणि तुम्ही कापणीनंतर धावाधाव केलीत, तर तो लॉट त्या वर्षी जाणारच नाही.

धानबीज
आभार. सार्क देशांच्या सामायिक बियाणे पेढीचा आधार घेता येतो का?

वाणनोंद
व्यापारासाठी नाही. मालदीवमधल्या अड्डू इथे 2011 मध्ये झालेल्या सार्क परिषदेतला तो करार आपत्तीत बियाणं पुरवणं आणि तपासणीचे निकष एकसारखे करणं, यासाठी आहे. शिवाय पुरानंतर नुसता साठा पुरत नाही. उशिरा पेरलेलं लांब मुदतीचं वाण थंडीत फुलोऱ्यात सापडलं की दाणे पोचट राहतात. त्यामुळे कमी मुदतीच्या कोणत्या वाणांना दोन्हीकडे आधीच मंजुरी आहे, याची यादी पावसाळ्यापूर्वी हातात हवी. तुमच्या कंपनीनेही नोंदणीची चौकशी त्याच वाणांपासून सुरू करावी.