‘पत्रिकेसोबत एचआयव्हीचा रिपोर्ट सक्तीचा करा’ म्हणणाऱ्या काकांना उत्तर

बावधनकर: कालच्या पोस्टमध्ये काका लिहितात, “अमेरिकेत सिफिलिस बोकाळलाय, आपल्याकडेही येणार. लग्नाआधी एचआयव्ही टेस्ट सक्तीची करा.” सिफिलिस हा वेगळाच गुप्तरोग, आणि त्याच्या भीतीवर एचआयव्हीची टेस्ट! २०१७ च्या कायद्याने संमतीशिवाय ती करताही येत नाही. अमेरिकेत २०२२ मध्ये सिफिलिसचे २ लाखांवर रुग्ण दिसले, कारण तिथे मोजतात. आपल्याकडे प्रौढांत एचआयव्ही ०.२ टक्क्यांच्या आसपास आहे, हेही मोजतो म्हणून कळतं. क्लॅमिडिया हाही गुप्तरोगच, तो कोण मोजतंय? बहुतेक बायकांना लक्षणंच नसतात, आणि सरकारी दवाखान्यात लक्षणं बघून औषधांचं रंगीत किट देतात. लक्षण नाही, किट नाही.

कर्वेनगरची काकू: भाचीच्या नवऱ्याने लग्नाआधी लपवलं होतं. ती तुमच्या ०.२ मध्ये बसते का बघा.

नऱ्हेवाला: “मोजतात म्हणून”? त्याच वर्षी तिथे ३,७०० हून जास्त बाळं जन्मजात सिफिलिसची निघाली. ती काय मोजल्यामुळे आजारी पडली?

बावधनकर: बरं, तिथे वाढलाय, मान्य. पण ती बाळं वाचतात गरोदरपणातल्या वेळेवरच्या तपासणीने आणि पेनिसिलिनने, बोहल्यावरच्या रिपोर्टने नाही. काकू, वाईट झालं. तरी लागण ताजी असेल तर रिपोर्ट निगेटिव्हही येतो.

नारायणपेठी: खरे दोषी मेडिकलवाले. चिठ्ठी न बघता अझिथ्रोसारखी अँटिबायोटिक्स देतात. परम्याला (गनोरियाला) सिप्रो हे अँटिबायोटिक केव्हाच लागू पडेनासं झालंय, आता अझिथ्रोही घालवा.

धायरी_केमिस्ट: आला राग! चिठ्ठी मागितली की गिऱ्हाईक शिव्या देऊन शेजारच्या दुकानात जातं. परवा एकजण म्हणाला, “मित्रासाठी हवंय.” मित्र गाडीवर बसून खाजवत होता.

नारायणपेठी: म्हणजे दिलंत.

धायरी_केमिस्ट: नाही दिलं. तुम्ही तपासायला येता का रात्री दहाला? डॉक्टर शोधून द्या, मी काउंटर बंद करतो.

नारायणपेठी: लायसन्स डॉक्टरकीचं नाही तुमचं!

नऱ्हेवाला: अहो, धागा कशाचा आहे?

कर्वेनगरची काकू: भांडा तुम्ही. सक्ती नको, ठीक. मुलाने आपणहून टेस्ट करून दाखवली तर बावधनकरांची परवानगी आहे ना?

बावधनकर: आहे की. दोघांनी करावी, व्हीडीआरएल (सिफिलिसची टेस्ट) आणि हिपॅटायटिस बी धरून. सरकारी आयसीटीसीत, म्हणजे समुपदेशन-तपासणी केंद्रात, एचआयव्हीची फुकट होते, नावही गुप्त ठेवतात.

कर्वेनगरची काकू: नाव गुप्त, आणि बाहेरच्या बाकावर चाळीतले जोशी!